फिकट निळ्यातून गडद निळ्यात

१५ जून १९७४, म्युनिक. विश्वचषकात इटलीची पहिलीच लढत, तीही हैतीशी. इटलीचा गोलरक्षक दिनो झोफ अकराशेहून अधिक मिनिटं आंतरराष्ट्रीय सामन्यांत गोल न खाता उभा होता आणि हैतीकडून काही धोका असेल असं कुणाला वाटत नव्हतं. मध्यंतरानंतर लगेच एमान्युएल सानोंनं झोफला चकवून गोल केला आणि सगळं मैदान अवाक झालं. इटलीनं पाठोपाठ दोन गोल करून सामना सावरला, पण सेंटर फॉरवर्ड जॉर्जो किनालियाच्या नावावर काही लागेना. ६९व्या मिनिटाला प्रशिक्षक फेरुच्चो वाल्कारेज्जींनी त्याला बाहेर बोलावलं. धिप्पाड, किंचित पोक काढून चालणारा किनालिया मैदानाबाहेर येता येता बाकाच्या दिशेनं हात उडवून वाल्कारेज्जींना सरळ शिवी घालून गेला. दूरचित्रवाणीवर हे साऱ्या इटलीनं पाहिलं. आत गेल्यावर त्यानं ड्रेसिंग रूममध्ये बाटल्या फोडल्या. त्याच्या जागी आलेल्या पिएत्रो अनास्तासीनं दहा मिनिटांत गोल केला, हे वर मीठ चोळल्यासारखं.

एका महिन्यापूर्वी हाच किनालिया रोममध्ये देव होता. १२ मे १९७४ रोजी फोज्जाविरुद्धच्या त्याच्या पेनल्टीवर लाझियो क्लबनं आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं होतं. त्या मोसमात त्याचे २४ गोल, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये धडपडणारा क्लब त्यानं खांद्यावर घेऊन शिखरावर नेला, असं लाझियोचे लोक आजही सांगतात. इटलीसाठी मात्र त्याचा हिशेब १४ सामने, चार गोल एवढाच.

क्लबसाठी गोलांचा पाऊस आणि देशासाठी दुष्काळ, हे फुटबॉलमधलं जुनं दुखणं. इंग्लंडपासून ब्राझीलपर्यंत प्रत्येक देशाकडे असा एखादा नमुना असतो. पण हे दुखणं एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या पाहायचं असेल तर रोमच्या लाझियोसारखं घर नाही. या क्लबचा रंग आकाशी, ग्रीसच्या ध्वजावरून घेतलेला. राष्ट्रीय संघाचा निळा त्याहून गडद, इटलीच्या जुन्या सावॉय राजघराण्याचा. या फिकट निळ्यातून त्या गडद निळ्यात जाताना लाझियोच्या एकामागून एक स्ट्रायकरांची पावलं अडखळली आहेत. याच घरात अगदी उलट नशिबाचा एक माणूसही येऊन राहिला, पण त्याच्याकडे नंतर वळू.

घराण्याचा मूळपुरुष सिल्विओ पिओला याला हा शाप नव्हता, हे आधीच सांगायला हवं. १९३८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिसमध्ये त्यानं हंगेरीविरुद्ध दोन गोल केले आणि इटलीसाठी ३४ सामन्यांत ३० गोलांवर तो थांबला. सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमधला त्याचा २७४ गोलांचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. म्हणजे लाझियोच्या पाण्यात काही दोष नव्हता.

किनालियाचं प्रकरण निव्वळ तापट डोक्यावर ढकलून मोकळं होता येतं, आणि इटलीत तसं केलंही गेलं. तो जन्मला कॅरारात, पण लहानाचा मोठा झाला वेल्समधल्या कार्डिफला, जिथं त्याच्या वडिलांनी रेस्तराँ चालवलं. स्वॉन्सीकडून खेळून तो इटलीला परतला तेव्हा त्याचा खेळही थोडा ब्रिटिश होता: अंगानं रेटायचं, धावत सुटायचं, दिसेल तिथून मारायचं. लाझियोचे प्रशिक्षक तोमासो माएस्त्रेल्ली यांनी या धसमुसळ्या माणसाला लेकरासारखं सांभाळलं आणि सारा संघ त्याच्याभोवती उभा केला. म्युनिकच्या तमाशानंतर त्याला शांत करायला माएस्त्रेल्लींनाच जर्मनीला बोलावून घ्यावं लागलं, यात सगळं आलं. राष्ट्रीय संघात मात्र मिलान, इंटर आणि युव्हेंटसच्या बड्या मंडळींची चलती होती आणि किनालिया तिथं शेवटपर्यंत पाहुणाच राहिला. त्याला कामच येत नव्हतं असंही नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये वेम्ब्लीवर इटलीनं इंग्लंडला पहिल्यांदा त्यांच्या घरी हरवलं, ते किनालियाच्या उजवीकडच्या मुसंडीतून. इंग्लंडचा गोलरक्षक शिल्टननं चेंडू अडवला, पण तो सुटला आणि फाबिओ कापेल्लोनं आत ढकलला. गोल कापेल्लोच्या नावावर लागला. किनालिया पुढे न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडे गेला आणि अमेरिकेच्या त्या जुन्या लीगचा सर्वकालीन सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पेले, बेकेनबाउर त्याच संघात होते. त्याचं नाणं तिथं खणखणीत वाजलं.

वीस वर्षांनी लाझियोत आणखी एक देव आला, अंगकाठीनं किनालियाच्या अगदी उलट. जुझेप्पे सिन्योरी बुटका, चपळ, डावखुरा. पेनल्टी घ्यायची त्याची तऱ्हा रोममधली पोरं गल्लीत हुबेहूब करून दाखवत: चेंडूजवळ उभं राहायचं, मागे जायचं नाही, एकाच पावलात डाव्या पायानं कोपऱ्यात मारायचं. १९९२-९३ मध्ये २६ गोल, पुढच्या मोसमात २३, १९९५-९६ मध्ये २४. तीन वेळा तो इटलीतला अव्वल गोलवीर ठरला, तेही जगातले सर्वांत चिवट बचावपटू त्या लीगमध्ये खेळत होते त्या काळात. १९९५च्या जूनमध्ये क्लबनं त्याला पार्माला विकायचं ठरवल्याची बातमी फुटली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि मालक सेर्जिओ क्रान्योत्तींना सौदा गुंडाळावा लागला.

१९९४च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात इटलीचे प्रशिक्षक आरिगो साक्कींनी या माणसाला डावीकडच्या मध्यरक्षकाच्या जागी उभं केलं. साक्कींच्या मते व्यवस्था पहिली, माणूस नंतर. चौघांच्या दोन घट्ट रांगा आणि पुढे दोघं, त्यांतला एक रोबेर्तो बाज्जो. मग सिन्योरीनं काय केलं? नॉर्वेविरुद्ध गोलरक्षक बाहेर गेल्यानं इटली दहा जणांवर आली, तेव्हा त्याच्याच फ्री किकवर दिनो बाज्जोनं हेडरनं विजयी गोल केला. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध ८८व्या मिनिटाला रोबेर्तो बाज्जोच्या विजयी गोलाआधीचा पासही सिन्योरीचा. त्याचे स्वतःचे गोल शून्य. शेवटी त्यानं कडेला खेळायला नकार दिला आणि ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना त्यानं बाकावर बसून पाहिला. त्या नकाराची खंत त्यानं पुढे अनेकदा बोलून दाखवली. कारकिर्दीचा हिशेब २८ सामने, सात गोल. हा आकडा वाचताना तो स्ट्रायकरचा म्हणून वाचला जातो, प्रत्यक्षात त्यातला बराच भाग डाव्या बगलेवरच्या हमालीचा आहे, हे कुणी लिहीत नाही.

आणि मग चिरो इम्मोबिले.

नेपल्सजवळच्या तोर्रे आनुन्झियाताचा हा पोरगा. लाझियोसाठी २०७ गोल. पिओलाचा क्लबमधला १५९ गोलांचा विक्रम त्यानं २०२१ मध्ये मागे टाकला. चार वेळा सेरी आचा अव्वल गोलवीर, त्यांतल्या २०१९-२० मध्ये ३६ गोल करून त्यानं लीगच्या विक्रमाची बरोबरी केली आणि युरोपचा गोल्डन शू लेवांडोव्स्कीच्या हातून काढून घेतला. इटलीसाठी ५७ सामने, १७ गोल. त्यांत विश्वचषकातला एकही नाही. तो संघात असताना इटली २०१८ आणि २०२२ अशा लागोपाठच्या दोन विश्वचषकांना मुकली आणि दोन्ही वेळचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. सान सीरोवर स्वीडनविरुद्ध ०-०, पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाविरुद्ध ०-१. पालेर्मोच्या त्या सामन्यात इटलीनं तीसहून अधिक वेळा गोलाच्या दिशेनं चेंडू मारला, आणि भरपाईच्या वेळेत त्राइकोव्स्कीनं दुरून मारलेल्या एका फटक्यानं सगळं संपलं.

इम्मोबिले गोल कसा करायचा, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. तो चेंडू पायात मागणारा खेळाडू नव्हे. तो बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्याशी, त्याच्या नजरेच्या कडेला उभा राहायचा. लाझियोचा लुईस आल्बेर्तो चेंडू घेऊन मान वर करी, आणि ती मान वर होण्याच्या क्षणी इम्मोबिले सुटलेला असे. पास पडायचा तो बचावाच्या मागच्या मोकळ्या पट्टीत. दोन टप्पे, एक स्पर्श, बहुधा पहिल्याच दणक्यात फटका. सिमोने इंझागींच्या लाझियोनं चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ दिला, त्याला पुढे येऊ दिलं, आणि हिसकावून घेताच दोन पासांत पलीकडे पोहोचायचं हे तंत्र वर्षानुवर्षं घोटलं. या सगळ्याचं भांडवल म्हणजे बचावामागची चाळीस यार्ड मोकळी जागा.

आता रोबेर्तो मान्चिनींच्या इटलीकडे पाहा. जोर्जिन्यो आणि वेर्रात्ती चेंडू ताब्यात ठेवणार, आडवे पास, पुन्हा मागे, पुन्हा आडवे. सुरेख खेळ, त्याबद्दल वाद नाही. सदतीस सामने अपराजित राहण्याचा विक्रम त्यातूनच झाला. पण इटलीचं नाव ऐकून समोरचा छोटा देश दहा माणसं पेनल्टी क्षेत्राभोवती उभी करतो. ती चाळीस यार्डांची पट्टी तिथं चार यार्डांची होते. डावीकडे इन्सिन्ये आत वळून स्वतःच दूरच्या कोपऱ्यात चेंडू वळवायचा, उजवीकडे किएझा स्वतः घुसायचा. इम्मोबिलेच्या वाट्याला दोन बचावपटूंना गुंतवून ठेवायचं काम. पेनल्टीही त्याची नव्हती. गोल्डन शूच्या ३६ गोलांपैकी १४ पेनल्टीवरचे होते. राष्ट्रीय संघात पेनल्टी जोर्जिन्योची. स्वित्झर्लंडविरुद्ध पात्रता फेरीच्या दोन्ही सामन्यांत जोर्जिन्योच्या पेनल्टी हुकल्या आणि म्हणूनच इटली प्ले-ऑफच्या खाईत पडली, हा आणखी एक विनोद.

यावर नेहमीचं उत्तर असं, की राष्ट्रीय संघाला सरावाला वेळ मिळत नाही, खेळाडू एकमेकांना ओळखत नाहीत. अर्धं खरं आहे. पण इम्मोबिलेच्या बाबतीत ओळखीची अडचण नव्हती. २०११-१२ मध्ये दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये झ्देनेक झेमान यांचा पेस्कारा क्लब ९० गोल करून विजेता झाला, त्या संघात मध्ये होता किशोरवयीन वेर्रात्ती, डावीकडे इन्सिन्ये, आणि पुढे २८ गोल करणारा इम्मोबिले. हेच तिघं. झेमान यांची शिकवण एकच होती: चेंडू मिळाला की पुढे. सिन्योरीला फोज्जात घडवणारे प्रशिक्षकही हेच झेमान. त्याच तिघांना दहा वर्षांनी वेगळा हुकूम मिळाला, चेंडू राखा, आणि इम्मोबिलेची धाव रोज पोस्टात पडून राहणाऱ्या पत्रासारखी झाली.

आणखी एक गोष्ट टीकाकार सोयीनं विसरतात. इम्मोबिले क्लबमध्येही सपशेल पडला आहे. २०१४ मध्ये लेवांडोव्स्कीची जागा भरायला बोरुसिया डॉर्टमुंडनं त्याला नेलं, तिथं लीगच्या २४ सामन्यांत तीन गोल झाले. मग सेव्हिया, तिथंही तेच. पण डॉर्टमुंडनं त्याला वर्षभरात काढून टाकलं आणि विषय संपला. आज तिथल्या अपयशाची आठवण कुणी काढत नाही. देशाला खेळाडू विकता येत नाही. उन्हाळ्यात नवा मालक शोधून देता येत नाही. त्यामुळे तिथलं अपयश साचत जातं आणि शेवटी स्वभावदोष म्हणून ओळखलं जातं. खरी सीमारेषा क्लब आणि देश यांच्यामध्ये नाहीच. ती आहे खेळाडूभोवती संघ बांधला जातो ती जागा आणि तयार संघात खेळाडू बसवला जातो ती जागा, या दोहोंमध्ये. क्लबनं मोजून पैसे दिलेले असतात, म्हणून तो बहुधा पहिलं करतो. राष्ट्रीय संघाला ते परवडत नाही.

याचा उलटा पुरावा लाझियोच्याच घरात पाच वर्षं राहिला. मिरोस्लाव क्लोसे. २००९-१० च्या बायर्न म्युनिकच्या मोसमात त्याचे लीगमध्ये फक्त तीन गोल. इतका गंजलेला माणूस विश्वचषकाला कशाला नेता, असं जर्मनीत विचारलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत त्यानं चार गोल केले. परत आल्यावर पुढच्या मोसमात बायर्नसाठी लीगमध्ये एक. २०११ मध्ये तो रोमला आला. लाझियोत त्यानं साठहून अधिक गोल केले, बोलोन्याविरुद्ध एका सामन्यात पाच. तरी जर्मनीच्या शर्टात तो वेगळाच माणूस असे. १३७ सामने, ७१ गोल, विश्वचषकांत १६. क्लोसेनं गोल केलेला एकही सामना जर्मनी हरली नाही. प्रशिक्षक योआखिम ल्योव यांचा संघ वर्षानुवर्षं त्याच पद्धतीनं खेळत राहिला, आणि बायर्नमध्ये मारियो गोमेझला जागा मिळाली तरी ल्योव क्लोसेला विसरले नाहीत. त्याच्यापुरता जर्मनीचा संघ हाच क्लब होता, असं म्हटलं तरी चालेल. २०१६च्या उन्हाळ्यात क्लोसे लाझियो सोडून गेला, आणि त्याच उन्हाळ्यात रिकाम्या जागेवर आला तो इम्मोबिले.

इटलीबाहेर नजर टाकली तर याच दुखण्याची इतर रूपं दिसतात. इंग्लंडचा अँडी कोल प्रीमियर लीगमध्ये १८७ गोल करून १५ सामन्यांत देशासाठी एकच गोल करू शकला, तोही २००१ मध्ये अल्बानियाविरुद्ध तिरानात. इंग्लंडचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी तर त्याला एका गोलासाठी सहा-सात संधी लागतात असं जाहीरपणे सांगितलं होतं. १५ सामने, तेही वेगवेगळ्या प्रशिक्षकांत आणि सहा वर्षांत विखुरलेले, बरेचसे बदली म्हणून! एखाद्या फलंदाजाला वर्षातून दोनदा, तेही शेवटच्या पाच षटकांत पाठवून त्याची सरासरी काढावी, तसा हा प्रकार. केविन फिलिप्सची कथा याहून करुण. १९९९-२००० मध्ये संडरलंडसाठी ३० गोल करून त्यानं युरोपचा गोल्डन शू जिंकला. त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेला इंग्लंडनं त्याला नेलं आणि एक मिनिटही खेळवलं नाही. एकूण आठ सामने, गोल शून्य. ब्राझीलचा मारियो जार्देल दोनदा गोल्डन शू घेऊनही एकाही विश्वचषकाला गेला नाही. अशांना ‘देशासाठी चालले नाहीत’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे, त्यांना चालायला रस्ताच दिला नव्हता.

गोन्झालो हिग्वाइनचं मात्र तसं नाही आणि त्याला या पंक्तीत बसवताना जरा थांबायला हवं. नापोलीसाठी २०१५-१६ मध्ये ३६ गोल करून त्यानं सेरी आचा विक्रम केला, ज्याची बरोबरी पुढे इम्मोबिलेनं केली. अर्जेंटिनासाठीही त्याचे ७५ सामन्यांत ३१ गोल आहेत, म्हणजे सरासरी उत्तमच. २०१४च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यातला एकमेव गोल त्याचा. पण लोकांना आठवतं ते दुसरंच. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या टोनी क्रूसनं चुकून मागे दिलेला चेंडू, समोर एकटा गोलरक्षक नॉयर, आणि बाहेर गेलेला फटका. पुढच्या दोन्ही वर्षी कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्यांत चिलीविरुद्ध पुन्हा तेच. इथं पद्धतीचा दोष नाही, पुरवठ्याचा नाही, संधी आयती ताटात वाढून आली होती. मन थरकलं असेल, पाय आखडला असेल. तीन वर्षांत तीन अंतिम सामने आणि तीनही वेळा हाच माणूस, हे योगायोग म्हणून झटकून टाकणं अवघड आहे.

आपल्याकडे हे दुखणं वेगळ्याच वेषात आहे. गोव्याच्या क्लबांनी आय-लीग गाजवली तेव्हा डेम्पोकडून रांटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सकडून ओडाफा ओकोली गोलांच्या राशी रचत होते, दोघंही नायजेरियाचे. इंडियन सुपर लीगमध्ये गोव्यातल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर स्पेनच्या कोरोनं लागोपाठ दोन मोसम सर्वाधिक गोल केले. २०२४-२५ पर्यंत त्या लीगचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. नऊ नंबरची जागा परदेशी खेळाडूची, भारतीय पोरगा बगलेवर. मग राष्ट्रीय संघाचं शिबिर लागतं आणि वर्षभर बगलेवर धावलेल्या त्याच पोराला सांगितलं जातं, आता मधे उभा राहा आणि गोल कर. सिन्योरीचं जे झालं ते उलट्या बाजूनं. अशा अवस्थेत २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं तर नवल काय.

इम्मोबिलेच्या पदरात एक मोठं यश आहे, तेही विचित्र तऱ्हेचं. २०२१ मध्ये इटलीनं युरो स्पर्धा जिंकली तेव्हा तोच सेंटर फॉरवर्ड होता. त्या स्पर्धेत त्याचे दोन गोल, तुर्कस्तान आणि स्वित्झर्लंडविरुद्ध. दोन्ही सामने रोमच्या स्तादिओ ऑलिम्पिकोवर, म्हणजे लाझियोच्याच मैदानावर झाले होते! रोम सोडल्यावर गोल संपले. म्युनिकला बेल्जियमविरुद्ध पेनल्टी क्षेत्रात तो पाय धरून विव्हळत पडला होता, तेवढ्यात सहकारी बारेल्लानं गोल केला आणि हा पठ्ठ्या उडी मारून त्याला मिठी मारायला धावला. त्या काही सेकंदांची चित्रफीत जगभर फिरली आणि अजून फिरते. अंतिम सामन्यात मान्चिनींनी तास भरायच्या आत त्याला बाहेर घेतलं, सेंटर फॉरवर्डशिवाय खेळले, आणि इटलीनं बरोबरी साधून पुढे पेनल्टींवर कप नेला.

मान्चिनी गेल्यावर लुचानो स्पालेत्तींनी सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णधाराची पट्टी त्याच्या दंडावर बांधली. स्कोप्येला, त्याच उत्तर मॅसेडोनियाविरुद्ध, त्यानं गोल केला. सामना १-१ सुटला. २०२४च्या युरोला मात्र त्याला घेतलं नाही. तिथं इटलीनं स्कामाक्का, रेतेगी, रास्पादोरी असे तीन आघाडीवीर नेले. चार सामन्यांत इटलीचे तीन गोल झाले: बास्तोनी हा बचावपटू, बारेल्ला हा मध्यरक्षक, आणि लाइपझिगला क्रोएशियाविरुद्ध ९८व्या मिनिटाला झाकान्यी, जो लाझियोचा बगलेवरचा खेळाडू. स्ट्रायकरांपैकी कुणाचाच गोल नाही. पुढच्या फेरीत स्वित्झर्लंडनं २-० असं घरी पाठवलं. त्याच उन्हाळ्यात इम्मोबिले इस्तंबूलच्या बेशिक्ताशकडे गेला. ऑगस्टमध्ये तुर्की सुपर कपच्या सामन्यात गालातासरायविरुद्ध बेशिक्ताश ५-० जिंकलं, त्यांत दोन त्याचे.